बाबांचे निळे ठिपके

यंदा थंडी दबकत दबकत आली. दिवाळी होऊन गेली तरी दुपारी पंखा लागत होता, आणि मग एका सकाळी दार उघडलं तर नागपुरातल्या नंदनवन भागातली आमची गल्ली धुक्यात अर्धी बुडालेली. समोर कुणीतरी वाळका पाला पेटवला होता. कोपऱ्यावर संत्र्यांचा ठेला लागला होता आणि ठेलेवाला कानाला मफलर गुंडाळून संत्र्यांपेक्षा स्वतःलाच जास्त जपत उभा होता. शाळेत जाता जाता मी आईबाबांकडे डोकावले. माझं घर त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. आई पोर्चमध्ये सूप घेऊन तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसली होती. त्या ओल्या दाण्यांना आमच्याकडे सोले म्हणतात, आणि सोल्यांचा तो कच्चा हिरवा वास नाकात शिरला की माझ्यासाठी हिवाळा खरा सुरू होतो.

बाबांची खुर्ची मी उन्हात सरकवली. ऊन त्यांच्या गुडघ्यांवर आलं, मग हातांवर. त्यांनी उजव्या हाताची बोटं हळूच उघडली, मिटली. आणि गेल्या वर्षीचा सगळा हिवाळा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

त्याविषयी लिहायचं तर आधी बाबांच्या बोलण्याविषयी लिहायला हवं. बाबा नोकरीभर एस.टी.त कंडक्टर होते. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. पानठेल्यावर उभे राहिले की चार माणसं आपोआप गोळा व्हायची. ते सांगायचे ते बहुतेक खाप्याचं. खापा हे त्यांचं जन्मगाव, कन्हान नदीच्या काठावरचं. कन्हानचा पूर, हातमागांचा दिवसभराचा खडखडाट, घाटाच्या पायऱ्या, पैलतीरावर नेणारा डोंगा. मी आणि माझा धाकटा भाऊ पंकज खाप्यात कधी राहिलो नाही, पण तिथला घाट आम्हाला आमच्या जिन्यासारखा पाठ होता. आई मात्र कमी बोलणारी. "बोलाची जागा यायनंच सारी घेऊन टाकली," असं ती हसत म्हणायची.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी दाढी करताना बाबांच्या हातातून रेझर गळून पडला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय थोडा टेकवता येत होता, हात लुळा होता, आणि शब्द गेले होते. समजत सगळं होतं. आपण बोललेलं कळायचं, बातम्या कळायच्या, आईने चहात साखर कमी घातली तर तेही कळायचं. पण तोंड उघडलं की फक्त "ता... ता..." एवढंच यायचं. स्वतःचाच तो आवाज ऐकून ते दचकायचे. मग हळूहळू त्यांनी तोंड उघडणंच सोडलं. आमचं घर इतकं शांत झालं की फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली.

मी शाळेत मराठी शिकवते. शब्दांवरच माझं पोट आणि शब्दांवरच माझा जीव. बाबांच्या समोर बसले की मला काय बोलावं ते सुचायचं नाही.

हाताचा व्यायाम घ्यायला रुबीना नावाची एक तरुण मुलगी रोज यायची. हसरी आणि भलतीच चिवट. रबरी चेंडू दाबायचा बाबांना कंटाळा आला, तेव्हा तिने एक दिवस ड्रॉइंगचा मोठा कागद प्लायवूडवर लावून आणला. सोबत पोस्टर कलरच्या बाटल्या आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्यांचा डबा.

"काका, लाइन मारायची नाही," ती म्हणाली. "फक्त टच करायचं. उचला, टेकवा. उचला, टेकवा. चित्र नाही, एक्सरसाइज समजा."

बाबांच्या उजव्या हाताला रेष ओढता येत नव्हती. हात सरकला की भरकटायचा. पण उचलून टेकवणं जमत होतं. रुबीनाने पेन्सिलीने ओळी आखून दिल्या आणि बाबा बालवाडीतल्या मुलासारखे नाखुशीने त्या ओळींवर ठिपके देऊ लागले. लाल ओळ. पिवळी ओळ. कसलं चित्र आणि कसलं काय. आई शेजारी शेंगा सोलत बसायची. सुपात दाणे पडायचे, कागदावर ठिपके.

मग एका सकाळी मी आले तेव्हा बाबांनी ओळ सोडली होती. काडी निळ्यात बुडवली होती आणि हात कागदाच्या मधोमध, आखलेल्या ओळींपासून दूर, हवेत थरथरत होता. खूप वेळ तो तसाच घिरट्या घालत राहिला. मला वाटलं, थकले असतील. मी धरायला पुढे होणार, तेवढ्यात काडी खाली उतरली. एक निळा ठिपका. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि दुसरा दिला.

त्यानंतर निळाच निळा. दिवसच्या दिवस निळा. मी महाल भागातल्या दुकानातून दोनदा निळ्या बाटल्या आणल्या. एकच निळा त्यांना चालत नव्हता. त्यात पांढरं घालायचे, कधी जांभळ्याचा थेंब. डाव्या हाताने झाकणात कालवायचे, मान वाकडी करून पाहायचे, पटलं नाही तर पुन्हा कालवायचे. निळ्याच्या मधेमधे बारीक हिरवं. खाली करड्या रंगाचा पट्टा. उजवीकडे लालभडक ठिपक्यांचा पुंजका. मी कागदाला नाक लावून पाहायची आणि मला ठिपक्यांपलीकडे काही दिसायचं नाही. पण त्यांच्या हाताची ती घिरटी! ज्या माणसाने आयुष्यात कधी चित्र म्हणून झाडाचं पानही काढलं नव्हतं, त्याला प्रत्येक ठिपक्याची जागा ठाऊक होती. चुकला तर ओल्या कापडाने पुसायला लावायचे. कुठे पाहून काढत होते ते? समोर तर आमची गल्ली होती, दोन स्कूटर आणि एक विजेचा खांब.

काही चित्रकार असंच नुसत्या ठिपक्यांनी चित्र रंगवतात, आणि लांबून पाहणाऱ्याचा डोळा ते रंग आपसांत मिसळून घेतो, हे मी नंतर वाचलं. तेव्हा मला ते शिकवलं पंकजच्या फोनने.

पंकज पुण्याला असतो. एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन फिरवून त्याला कागद दाखवला.

"अगं ताई, ही नदी आहे!" तो ओरडला.

मी फोनवर पाहिलं. तळहाताएवढ्या त्या काचेत, इतके दिवस नुसते ठिपके असलेला कागद एक गाव होऊन बसला होता. मधोमध निळा पसारा. त्यात एक काळा ठोकळा आणि त्याच्याजवळ तिरपी उभी एक इवलीशी आकृती. खाली करडा पट्टा. उजवीकडे तपकिरी छपरं आणि त्यांच्यासमोर ते लाल. वरच्या कोपऱ्यात थोडे पांढरे ठिपके.  आपल्या डोळ्यांदेखत इथे, या पोर्चमध्ये, एक अख्खं गाव उतरत होतं आणि आपण त्याच्याकडे रंग म्हणून पाहत होतो.

"खापा आहे हे," पंकज म्हणाला. "ही कन्हान. हा डोंगा, हा डोंगा चालवणारा. खाली घाट. लाल म्हणजे देवळाचे झेंडे असतील."

सगळं चपखल बसत होतं. मी बाबांकडे वळले. "बाबा, खापा ना?"

बाबांनी मान हलवली. नाही.

आता यातली गोम अशी की डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, या दुखण्यात माणसाची हो आणि नाहीची गफलत होते. हो म्हणायचं असतं, मान नाही म्हणते. त्यामुळे बाबांचं नाही आम्ही हो धरलं. रुबीना म्हणाली, "काका, खापा एकदम मस्त आलं." शेजारचे आले, त्यांनाही आम्ही कन्हान दाखवली. बाबा प्रत्येकाला नाही म्हणत होते, जोरजोराने, आणि आम्ही प्रत्येक जण समजूतदारपणे हसत होतो. शेवटी त्यांनी डाव्या हाताने रंगांची झाकणं उडवून दिली. फरशीवर निळं सांडलं. त्यांनी चेहरा भिंतीकडे फिरवला.

त्यानंतर त्यांनी काडी धरली नाही. रुबीना आली की मूठ आवळून बसायचे. जेवणही निम्म्यावर आलं. आई घास भरवायला गेली तर ओठ मिटून घ्यायचे. रुबीना मला फाटकापाशी गाठून म्हणाली, "मॅडम, ह्या महिन्यांत हात चालला तर चालला. काकांनी मनातूनच सोडलं तर माझं काही चालणार नाही." आई हे ऐकत होती. ती पदराच्या टोकाने फरशीवरचा वाळलेला निळा डाग उगीच घासत राहिली.

चित्र पोर्चच्या भिंतीला टेकून पडलं होतं. ते उचलून आत ठेवायचा धीर कुणाला झाला नाही.

संक्रांतीचे दिवस होते. समोरच्या घरी हळदीकुंकू होतं. मी आणि आई तिकडून परत निघालो. उन्हं कलली होती आणि त्यांचा तिरपा उजेड आमच्या पोर्चमध्ये थेट शिरला होता. आईच्या हातात वाणाची वाटी. रस्त्याच्या मधोमध ती एकदम थांबली. मागून स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला. ती हलली नाही.

"अवं," ती हळू म्हणाली, "हे नदी नोहे."

"मग काय आहे?"

"जवस आहे वं. फुलावर आलेलं जवस."

मला जवस ठाऊक होतं ते चटणीचं. त्याला निळं फूल येतं, इतकी नाजूक निळाई की वाऱ्यावर अख्खं शेत पाण्यासारखं हलतं, हे मला ठाऊक नव्हतं. आईचं माहेर भिवापूरकडचं. तिच्या लहानपणी तिथे हिवाळ्यात वावरंच्या वावरं जवसाची असत. आता फार कुणी पेरत नाही.

आई भराभरा चालत आली, वाटी कट्ट्यावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बाबांच्या खुर्चीपाशी उकिडवी बसली.

"जी, हे आमचं वावर आहे न? माह्या माहेरचं?"

बाबांनी मान वळवली. तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी मान डोलावली. हो. या वेळी कुणालाही शंका आली नाही.

आई चित्रासमोर गेली, मग मागे सरकली, फाटकापर्यंत. तिथून बोट दाखवत ती वाचू लागली. दुसरा शब्द मला सुचत नाही. "हा घाट नोहे, हा रस्ता आहे, वावराच्या बाजूनं जाते तो. अन् हे लाल म्हणजे झेंडे कायचे? ह्या मिरच्या आहेत, आंगनात वाळत घातलेल्या. अन् हे काळं..." ती थबकली. "हे तर भुरीचं वगारू! आमच्या म्हशीचं! जवसात घुसलं होतं ते!"

"आणि ही तिरपी आकृती?" मी विचारलं.

हिरवे ठिपके, कडेला लाल. आईने दाखवणारं बोट खाली घेतलं.

"हे मी आहो," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. त्या दिवशी तिला पाहायला पाहुणे येणार होते. आजीने सकाळीच तिला लाल काठाचं हिरवं पातळ नेसवून बसवून ठेवलं होतं. तेवढ्यात म्हशीचं पिल्लू सुटलं आणि उभ्या पिकात शिरलं. घरात मागे धावणारं दुसरं कुणी नव्हतं. नव्या पातळाचा पदर खोचून, त्याच्या नावाने शिव्या देत, ती जवसातून त्याच्यामागे धावत सुटली.

सांगता सांगता ती मधेच उठली. पुन्हा बाबांकडे आली.

"पन जी, तुम्ही तर दुपारच्या यष्टीनं आलते तुमच्या काकासोबत. जवसाचं फूल दुपारी राह्यत नाही. सकाळी उमलते, ऊन चढलं का गळून जाते. तुम्ही आले तवा वावर हिरवं झालं होतं. हे निळं तुम्ही पाह्यलं कवा?"

बाबांनी डावा हात वर उचलला. हवेतली एक अदृश्य दोरी धरली आणि खाली ओढली. एकदा.

ती खूण आम्हा घरच्यांना लहानपणापासून पाठ होती. बसमध्ये कंडक्टर डोक्यावरची दोरी ओढतो. एकदा बेल दिली की थांबा. दोनदा दिली की चला.

"सकाळच्या गाडीवर तुमची ड्युटी होती?" आईने विचारलं. "त्या रस्त्यानं?"

हो.

"अन् तुम्ही गाडी थांबवली?"

बाबांनी पुन्हा एकदा दोरी ओढली आणि हात तसाच वर ठेवला. डोळे मिटले. आम्ही वाट पाहत उभ्या राहिलो. गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. समोरच्या घरातून बायका हसत बाहेर पडल्या. हात वरच होता, थकून थरथरत होता, आणि चेहऱ्यावर हसू पसरत चाललं होतं, अर्ध्या बाजूने वर जाणारं, त्या दुखण्यातलं वाकडं हसू. कितीतरी वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि दोरी दोनदा ओढली. चला.

तेवढा वेळ ती बस उभी राहिली होती. भरलेली बस, इंजिन चालू, आणि दारात उभा एक पोरगेला कंडक्टर, निळ्या शेतात म्हशीच्या पिल्लामागे धावणाऱ्या मुलीकडे पाहत. आत बसलेल्यांना काय वाटलं असेल? ड्रायव्हरने काय विचारलं असेल?

आई खाली फरशीवरच बसली.

"दुपारी आले तर सारा वेळ खाली मान," ती मला सांगत होती, पण पाहत त्यांच्याकडे होती. "फराळाच्या बशीतून डोळे वर केले नाही यायनं. मले वाटे, काकानं हो म्हटलं म्हनून लगन केलं. आजपर्यंत तसंच वाटे."

बाबांचे खांदे हलत होते. ते हसत होते, आवाज नसलेलं हसू. तेव्हाही ते बशीवर मान घालून हसूच दाबत होते, हे तिला आणि मला एकदमच कळलं.

"काहून नाही सांगितलं जी, इतक्या वर्साईत?"

बाबांनी तोंड उघडलं. "ता... ता..." आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "राहू द्या," ती म्हणाली. "सांगितलं न आता."

मी वर्गात कवितेचा अर्थ सांगते. कवीला इथे काय म्हणायचं आहे, असं फळ्यासमोर उभं राहून बेधडक विचारते. त्या संध्याकाळी मी घरी गेले आणि कितीतरी वेळ दिवा न लावता बसले. कन्हानचा पूर अख्ख्या नागपूरला ऐकवणाऱ्या माणसाने ही एक सकाळ कुणालाच दिली नव्हती. चाळीसेक वर्षं ती त्यांच्याजवळ होती, फुलांच्या निळ्यासकट, काठाच्या लालासकट. आईला लाज वाटेल म्हणून सांगितली नसेल? की पानठेल्यावर सांगायच्या गोष्टींत ती घालवायची नव्हती? मला इतकंच कळतं की त्यांच्या लुळ्या हाताला काडी धरता आली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा जे काढलं ते हे होतं.

दुसऱ्या दिवशी रुबीना आली तर बाबा काडी हातात धरून तिची वाट पाहत होते. चित्र पुरं व्हायला थंडी सरत आली. आई रोज शेजारी बसून भांडायची. "वगाराचे पाय एवढे लंबे नव्हते." बाबा ठाम नाही म्हणायचे. "अन् मी एवढी बारीक होती का?" हो. पंकज पुण्याहून आला, फाटकाबाहेर उभा राहिला आणि कितीतरी वेळ आत आलाच नाही. वरच्या कोपऱ्यातले पांढरे ठिपके मात्र कुणालाच लागले नाहीत. आई म्हणाली बगळे, पंकज म्हणाला ढग, मी म्हणाले धुकं. तिन्हींना नाही. अजूनही नाहीच.

ते चित्र आता पुढच्या खोलीत लावलं आहे. येणारे-जाणारे पाहतात आणि म्हणतात, "वा, नदी काय छान काढली!" आई कुणाला दुरुस्त करत नाही. "व्हय," म्हणते आणि चहा टाकायला आत जाते.

तो हिवाळा सरून मार्च लागला तसं ऊन डोळ्यांत खुपायला लागलं. आईने रजया वाळवून पेटीत घातल्या. मी आणि पंकजने मिळून कूलर बाहेर काढला, त्याला खसच्या नव्या ताट्या बसवल्या आणि पाणी मारून पाहिलं. खसचा तो ओला वास घरभर सुटला आणि त्या वासातच आम्ही जेवायला बसलो. वरण, भात, वांग्याची भाजी. बाबा चमचा स्वतःच्या हाताने धरून सावकाश जेवत होते. त्यांनी एक घास घेतला, चावला, गिळला. मग चमचा ताटात ठेवला, ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले.

"मीठ," ते म्हणाले.

 पंकजचा घास हातातच राहिला. बाबांनाही आपलं आपल्याला ऐकू आलं होतं. ते आमच्याकडे एकेकाकडे पाहत होते, दचकून.

वरणात मीठ बरोबर होतं. मी मघाशीच चाखलं होतं आणि आईचा तर अर्धा भात संपत आला होता. ती उठली. स्वयंपाकघरातून मिठाची बरणी घेऊन आली, चिमूटभर मीठ त्यांच्या ताटात वरच्या बाजूला वाढलं आणि बरणी तशीच उघडी धरून उभी राहिली.

"अजून पाह्यजे का जी?" तिने विचारलं.